वर्ड-एक्सेल उघडताना दर वेळी इन्स्टॉलेशनचा बॉक्स येत असेल तर काय तपासायचं

वर्ड किंवा एक्सेल उघडलं की फाइलच्या आधी एक छोटा बॉक्स येतो: ‘प्लीज वेट व्हाइल विंडोज कॉन्फिगर्स मायक्रोसॉफ्ट ऑफिस…’ पट्टी सरकते, दोन-चार मिनिटं जातात, मग फाइल उघडते आणि काम सुरळीत चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं काम, मी बघते. नौपाड्यातले सीए, वागळे इस्टेटमधले कारखाने, तुर्भ्याचे ट्रान्सपोर्टवाले, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची कार्यालयं. ही तक्रार या सगळ्यांकडून येते, आणि बहुतेक वेळा मी पोचेपर्यंत कोणीतरी ऑफिस काढून पुन्हा टाकून झालेलं असतं. बॉक्स तरीही येतच असतो.

लक्षणं

बॉक्स सारखा दिसला तरी कारण एकच असतं असं नाही. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

- प्रोग्राम उघडताना ‘कॉन्फिगर्स’चा बॉक्स येतो, पट्टी पूर्ण होते, फाइल उघडते. पुढच्या वेळी परत येतो.
- ‘प्रिपेअरिंग टू इन्स्टॉल’ येतं. कॅन्सल केलं तरी लगेच परत येतं, दोन-तीनदा कॅन्सल केल्यावरच प्रोग्राम उघडतो.
- बॉक्स सीडी मागतो किंवा एखादी एमएसआय फाइल (प्रोग्राम टाकायची मूळ फाइल) कुठे आहे ते विचारतो. सोबत एरर १७०६ असू शकते.
- उघडताना काहीच नाही, पण समीकरण घालताना, मॅक्रोची विंडो उघडताना किंवा पीडीएफ बनवताना बॉक्स येतो.
- ऑफिसचा एकही प्रोग्राम चालू नसताना, लॉगिन केल्या केल्या बॉक्स येतो.
- एकाच कॉम्प्युटरवर एकाला बॉक्स येतो, दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये येत नाही.

आता बॉक्समध्ये लिहिलेलं नाव शेवटपर्यंत वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वर्ड उघडताना बॉक्स आला म्हणजे तो ऑफिसचाच असतो, असं सगळे धरून चालतात. पण त्यात स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचं, पीडीएफच्या प्रोग्रामचं किंवा मराठी टायपिंगच्या एखाद्या जुन्या पॅकेजचं नाव असू शकतं. तसं असेल तर ऑफिस कितीही वेळा रिपेअर करा, फरक पडणार नाही. ज्याचं नाव आहे तेच रिपेअर करायचं किंवा काढायचं.

दोन गोष्टी यातून बाजूला काढा. ब्राउझरमध्ये ‘तुमचं ऑफिस खराब झालंय, या नंबरवर फोन करा’ असं येत असेल तर ती फसवणूक आहे. विंडोजचा खरा बॉक्स कधीही फोन नंबर देत नाही. तो टॅब बंद करा, रिमोटचं कुठलंही ॲप टाकू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. दुसरी गोष्ट अगदी निरुपद्रवी आहे. मराठी मजकूर असलेली फाइल उघडली की नव्या वर्डमध्ये वर एक पिवळी पट्टी येते, ‘मिसिंग प्रूफिंग टूल्स’ म्हणते आणि डाउनलोडचं बटण दाखवते. ती पट्टी फक्त मराठीची शुद्धलेखन तपासणी टाकायची का, एवढंच विचारते. हवी असेल तर टाका, नको असेल तर ‘डोन्ट शो अगेन’ दाबा.

हा बॉक्स का येतो

हे एकदा कळलं की पुढच्या तपासण्या का करायच्या ते आपोआप समजतं. ऑफिस २००० सोबत मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला. त्याच्याकडे प्रत्येक प्रोग्रामच्या भागांची यादी असते आणि प्रत्येक भागाची एक खूण ठरलेली असते. ती खूण म्हणजे एखादी फाइल किंवा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली, एक नोंद. तुम्ही स्टार्ट मेनूतून वर्ड उघडता तेव्हा, रात्रीच्या फेरीत वॉचमन एकेक कुलूप ओढून बघतो तसा, इन्स्टॉलर त्या खुणा जागेवर आहेत का ते बघतो. एखादी सापडली नाही की तो दुरुस्ती सुरू करतो. आपल्याला दिसतो तो बॉक्स या दुरुस्तीचा असतो.

म्हणजे इथे नवं काही इन्स्टॉल होत नसतं. दुरुस्ती सुरू होते आणि पुरी होत नाही, म्हणून ती रोज नव्याने सुरू होते. ती पुरी का होत नाही, एवढंच आपल्याला शोधायचंय. लिहायची परवानगी नसेल, लागणारी मूळ फाइल सापडत नसेल, दुसरा कोणी ती खूण पुन्हा पुन्हा पुसत असेल, किंवा कोणी उगाचच ही तपासणी सुरू करत असेल. मी आजवर पाहिलेली प्रकरणं या चारांतच बसली आहेत.

सोप्यापासून सुरुवात

पहिल्यांदा सगळी कामं सेव्ह करा, ऑफिसचे सगळे प्रोग्राम बंद करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो, आणि अर्धवट राहिलेलं अपडेट अर्धवटच राहतं. रीस्टार्टनंतर फक्त वर्ड उघडा आणि बॉक्स आला तर या वेळी कॅन्सल करू नका. पट्टी पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट मागितला तर तोही द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालतोय ना ते बघा. पावसाळ्यात ऐन अपडेटमध्ये वीज गेली की नेमक्या याच गोष्टी अर्धवट राहतात.

पुढची तपासणीही फुकटची आहे. वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने एकदा उघडा, बॉक्स पूर्ण होऊ द्या, बंद करा आणि मग नेहमीसारखं उघडा. ऑफिसांमध्ये कर्मचाऱ्यांना साधं लॉगिन दिलेलं असतं आणि ते योग्यच आहे. पण दुरुस्तीला जी नोंद करायची असते ती सगळ्या कॉम्प्युटरसाठीच्या जागेत असेल, तर साध्या लॉगिनला तिथे लिहिता येत नाही. इन्स्टॉलर प्रयत्न करतो, लिहू शकत नाही, गप्प बसतो आणि उद्या पुन्हा प्रयत्न करतो. ॲडमिनने एकदा उघडल्यावर बॉक्स कायमचा गेला, तर अडचण एवढीच होती. म्हणून त्या कर्मचाऱ्याला कायमचे ॲडमिन हक्क मात्र देऊ नका.

एकाच माणसाला बॉक्स येत असेल तर विंडोजमध्ये एक नवं तात्पुरतं लॉगिन बनवा आणि त्यातून वर्ड उघडून बघा. तिथे बॉक्स आला नाही तर ऑफिस ठीक आहे, त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये काहीतरी बिघडलंय. मग सगळ्या कॉम्प्युटरवरचं ऑफिस काढण्यात काही अर्थ नाही.

दोन-दोन ऑफिस

कंट्रोल पॅनलमधलं ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ उघडा आणि ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ किती वेळा दिसतंय ते मोजा. वाशी किंवा ठाणे स्टेशन परिसरातून रिफर्बिश्ड मशीन घेतलं की त्यात बरेचदा नव्या ऑफिसची ट्रायल असते, आणि वर दुकानातून जुनं २०१० टाकून मिळतं. दोन आवृत्त्या एकत्र नांदू शकतात. पण वर्ड २०१० उघडलं की ते फाइलींचा मालक म्हणून स्वतःची नोंद करतं, मग नवं वर्ड उघडलं की ते पुन्हा स्वतःची करतं. दर अदलाबदलीला बॉक्स. यात बिघडलेलं काहीच नसतं.

दोन्हींची गरज नसेल तर नको ते काढा आणि उरलेलं रिपेअर करा. हा क्रम उलटा करू नका, कारण जुनं काढताना नव्याच्या काही नोंदीही पुसल्या जातात. काढण्याआधी कोणत्या आवृत्तीचं लायसन्स तुमच्याकडे आहे आणि कोणाचे मॅक्रो कशात चालतात, ते विचारून घ्या. एखाद्या सीएकडे जुन्या एक्सेलमध्ये बांधलेली शीट असते आणि मार्च एंडला त्याच शीटवर सगळं अडलेलं असतं. तिथे दोन्ही आवृत्त्या ठेवाव्या लागतात, आणि त्याचा उपाय रजिस्ट्रीत आहे. तो खाली सांगते.

ॲड-इन

कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि वर्डच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये वर्ड एकटं उघडतं, बाहेरून जोडलेली ॲड-इन बाजूला राहतात. बॉक्स आला नाही तर दोष एखाद्या ॲड-इनचा आहे. नेहमीसारखं वर्ड उघडून फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या क्रमाने जा. खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा. सगळ्यांसमोरच्या टिकच्या खुणा काढा आणि मग एकेक परत लावत जा. दर वेळी वर्ड बंद करून उघडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण यातून मिळणारं उत्तर पक्कं असतं.

ऐरोलीतल्या एका ऑफिसात पीडीएफचा प्रोग्राम काढून टाकलेला होता, त्याचं वर्डमधलं बटण मात्र राहिलं होतं. वर्ड उघडलं की ते बटण आपल्या मूळ प्रोग्रामला हाक मारायचं आणि इन्स्टॉलर तो प्रोग्राम शोधत बसायचा. बॉक्सवर नाव पीडीएफच्या प्रोग्रामचंच होतं. ॲड-इनची टिक काढल्यावर बॉक्स थांबला.

ठरावीक कामालाच बॉक्स

हे जुन्या, एमएसआय प्रकारच्या, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरने टाकलेल्या ऑफिसमध्ये होतं. इन्स्टॉल करताना काही भाग ‘इन्स्टॉल्ड ऑन फर्स्ट यूज’ असे ठेवलेले असतात, म्हणजे पहिल्यांदा लागतील तेव्हा टाकायचे. मग सीडी किंवा पेनड्राइव्ह जवळ नसला की तो भाग कधीच पुरा होत नाही. ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मध्ये ऑफिसवर ‘चेंज’, मग ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’, आणि यादीत सगळ्यात वर ‘रन ऑल फ्रॉम माय कॉम्प्युटर’ निवडा. थोडी जास्त जागा जाईल, पण प्रश्न सुटेल.

रिपेअर

आधी तुमचं ऑफिस कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट. तिथे ‘अपडेट ऑप्शन्स’ बटण असेल तर ते क्लिक-टू-रन, म्हणजे नव्या पद्धतीने टाकलेलं आहे. ऑफिस २०१९ आणि त्यापुढचं सगळं याच प्रकारचं आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ सुद्धा. २०१० पर्यंतचं बहुतेक एमएसआय, २०१३ आणि २०१६ दोन्ही प्रकारांत मिळायचं.

हा फरक महत्त्वाचा आहे. क्लिक-टू-रन ऑफिस स्वतःची दुरुस्ती विंडोज इन्स्टॉलरकडून करून घेत नाही. त्यामुळे तुमच्याकडे फक्त क्लिक-टू-रन असेल आणि तरीही तो जुन्या पद्धतीचा छोटा बॉक्स येत असेल, तर तो बहुधा आधी काढलेल्या ऑफिसच्या उरलेल्या तुकड्याचा किंवा वेगळ्याच सॉफ्टवेअरचा असतो. पुन्हा एकदा बॉक्सवरचं नाव बघा.

क्लिक-टू-रनला ‘चेंज’ दाबलं की क्विक रिपेअर आणि ऑनलाइन रिपेअर असे दोन पर्याय येतात. आधी क्विक करा, त्याला इंटरनेट लागत नाही. ऑनलाइनमध्ये जवळजवळ पूर्ण ऑफिस पुन्हा उतरवलं जातं, म्हणून ते संध्याकाळी, काम संपल्यावर लावा. ईमेल आणि पासवर्ड हाताशी ठेवा, पुन्हा साइन-इन मागू शकतं.

एमएसआय ऑफिसच्या रिपेअरला मूळ फाइली लागतात. त्या सी ड्राइव्हवर ‘एमएसओकॅश’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. ड्राइव्ह भरला की जागा करायला कोणीतरी हे फोल्डर उडवतं आणि त्या दिवसापासून बॉक्स सीडी मागू लागतो. एरर १७०६चं मी पाहिलेलं नेहमीचं कारण हेच. उपाय एकच, त्याच आवृत्तीची मूळ सीडी किंवा सेटअप फाइल आणून रस्ता दाखवायचा. २०१० स्टँडर्डला २०१० प्रोफेशनलची सीडी चालत नाही.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनाही असा बॉक्स दिसू शकतो, कारण विंडोजवर तेही एमएसआयनेच टाकलं जातं. ‘चेंज’मधून रिपेअर करा, नाहीतर त्यांच्या वेबसाइटवरून ताजी आवृत्ती घेऊन वरून टाका. ते फुकट असल्याने इथे फार वेळ घालवू नये.

इव्हेंट व्ह्यूअर

इथपर्यंत सुटलं नसेल तर अंदाज बांधणं थांबवा. विंडोज स्वतः कारण लिहून ठेवतं. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘ॲप्लिकेशन’ उघडा आणि बॉक्स आला त्या वेळेच्या नोंदी बघा. सोर्सच्या रकान्यात ‘एमएसआय इन्स्टॉलर’ असलेल्या नोंदी आपल्या कामाच्या.

१००१ क्रमांकाची नोंद कोणत्या प्रॉडक्टच्या कोणत्या भागाची तपासणी फसली ते सांगते. तिच्या जोडीला येणारी १००४ जास्त मोलाची आहे. तिच्यात बहुतेक वेळा सापडत नसलेल्या फाइलचा किंवा नोंदीचा पूर्ण पत्ता असतो, शेवटी ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असं लिहिलेलं. पत्ता फाइलचा असेल तर अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी (त्याने उचलून बाजूला ठेवलेल्या फाइलींची) उघडून ती फाइल तिथे पडली आहे का बघा. तिथे असेल तर रिपेअर करून उपयोग नाही, अँटिव्हायरस ती पुन्हा उचलेल. पत्ता रजिस्ट्रीचा असेल तर प्रश्न परवानगीचा किंवा त्या लॉगिनच्या प्रोफाइलचा आहे.

१०३५ क्रमांकाच्या नोंदी रांगेने दिसल्या, म्हणजे एकाच मिनिटात दहा-वीस वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची नावं ‘रीकॉन्फिगर्ड’ म्हणून आली, तर कारण ऑफिसमध्ये नाहीच. महापे, रबाळेसारख्या ठिकाणच्या कंपन्यांमध्ये हे जास्त सापडतं. कॉम्प्युटरवर कोणकोणतं सॉफ्टवेअर आहे याची यादी काढणारी स्क्रिप्ट लॉगिनला चालते, आणि ती ‘विन३२ प्रॉडक्ट’ नावाच्या मार्गाने यादी मागते. या मार्गाची खोड अशी की यादी देताना तो प्रत्येक एमएसआय प्रोग्रामची तपासणी करतो आणि गरज वाटली तर दुरुस्तीही सुरू करतो. सगळ्या मशीनवर सकाळी एकाच वेळी बॉक्स येत असेल तर आयटी विभागाला हे वाक्य जसंच्या तसं कळवा. तीच यादी रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉलच्या नोंदींतून काढता येते, आणि त्याने कोणालाच त्रास होत नाही.

याच लॉगशेजारी ‘सिस्टिम’चा लॉग आहे. तिथे ‘डिस्क’ या सोर्सची ७ क्रमांकाची नोंद, ‘बॅड ब्लॉक’ म्हणणारी, दिसली तर बाकी सगळं सोडा आणि आधी बॅकअप घ्या. फाइली हरवण्याचं कारण तुमची हार्ड डिस्क आहे.

रजिस्ट्री, तीही एकाच कारणासाठी

दोन आवृत्त्या खरोखरच ठेवायच्या असतील तरच हे करा. रजिस्ट्री एडिटर उघडा, आधी फाइलमधून एक्सपोर्ट करून प्रत काढून ठेवा. ‘करंट यूजर’, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस असं आत जा. तिथे आकड्यांची फोल्डर दिसतील: १२.० म्हणजे २००७, १४.० म्हणजे २०१०, १५.० म्हणजे २०१३, आणि १६.० म्हणजे २०१६ व पुढचं सगळं. आकड्याच्या आत वर्ड, त्याच्या आत ऑप्शन्स. तिथे नवा डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) बनवा. नाव इंग्रजीत सलग लिहायचं: एन, ओ, आर, ई, आर, ई, जी. किंमत १ ठेवा. एक्सेलसाठी एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये तेच करा, आणि दोन्ही आवृत्त्यांना करा.

याने वर्ड उघडताना स्वतःची पुन्हा नोंद करायचं थांबतं. बिघडलेलं मात्र काही दुरुस्त होत नाही. म्हणून एकच ऑफिस असलेल्या मशीनवर हे करू नका, बॉक्स जाईल आणि दोष आत राहील.

इथे थांबा

इंटरनेटवर यापुढचे उपाय भरपूर सापडतात: सगळ्या परवानग्या मूळपदावर आणणारी कमांड, रजिस्ट्रीतल्या इन्स्टॉलरच्या नोंदी हाताने पुसणं, जुनं ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ शोधून चालवणं. ते शेवटचं साधन मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये स्वतःच मागे घेतलं, कारण त्याने इतर सॉफ्टवेअर बिघडायचं. टॅली, डिजिटल सहीचे ड्रायव्हर आणि प्रिंटर ज्या मशीनवर आहेत तिथे हे प्रयोग घरच्या घरी करू नयेत.

माणूस बोलवावा अशा वेळा: बॅड ब्लॉक दिसला. विंडोज फोल्डरमधलं ‘इन्स्टॉलर’ हे फोल्डर कोणीतरी रिकामं केलंय (ते दुसऱ्या मशीनवरून कॉपी करून चालत नाही, प्रत्येक कॉम्प्युटरचं वेगळं असतं). कॉम्प्युटर कंपनीच्या डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्याचे लॉगिन आणि नियम कंपनीच्या सर्व्हरवरून चालतात. रिपेअर मध्येच एरर देऊन मागे फिरतो. किंवा ऑफिस कोणीतरी ‘टाकून दिलेलं’ आहे आणि लायसन्स कोणाकडेच नाही. शेवटच्या बाबतीत मीही दुरुस्ती करत नाही. ॲक्टिव्हेट करण्यासाठी बदललेल्या फाइली अँटिव्हायरस उचलत राहतो आणि बॉक्स येत राहतो. तिथे लायसन्स घ्या किंवा लिब्रेऑफिसवर जा. तसंच २०१० चं सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला आणि २०१६ व २०१९ चं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. त्यांच्यावर दुरुस्तीचे पैसे घालण्याआधी नव्या आवृत्तीची किंमत विचारून घ्या.

माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर एवढं ठेवा: बॉक्सचा फोटो, १००१ आणि १००४ नोंदींचे फोटो, लायसन्सचं बिल किंवा ईमेल, आणि बॉक्स यायला लागण्याआधीच्या आठवड्यात काय नवं टाकलं किंवा काढलं त्याची यादी. जीएसटी भरायच्या २० तारखेच्या किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी मोठी दुरुस्ती काढू नका. तोवर पट्टी पूर्ण होऊ देऊन काम चालवा, फाइलींना त्याने धोका नसतो.